डाव्या बाजूचा थेंब

कृष्णातने बुधवारी सकाळी अंगणात उभं राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून जाहीर केलं की उद्या दिवस मावळल्यानंतर मोटारीच्या पुढच्या काचेतून ज्या थेंबाला आत यायचं असेल, त्याला आधी आपली परवानगी काढावी लागेल. ब्रह्मदेशाच्या लढाईत त्याने तीन पावसाळे लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या होत्या. तिकडे म्हणे अख्खे पूल एका दिवसात उभे करत. मग ही तर एवढीशी काच!

"एका दिसाचं काम हाय," तो म्हणाला.

अंबूने मान डोलावली आणि मनात 'रविवार' असं टिपून ठेवलं. नवऱ्याच्या हातांवर तिचा पूर्ण विश्वास होता. असे हात पाटणच्या खोऱ्यात दुसरे नव्हते. दिवसांच्या हिशेबात मात्र ते नेहमी दोन-तीन दिवस मागे चालत.

मोटार म्हणजे लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेला एक छोटा ट्रक. पुढे खेटून तिघं बसतील एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. कृष्णातने तो आणला, तेव्हा निम्म्या गावाला वाटलं की लढाई आपण हरलो असणार. पण त्याने त्यातून खत वाहिलं, गूळ वाहिला, एकदा तर देवळाची घंटाही वाहिली. खोड एकच होती. पुढची काच गळायची आणि गळण्यातही तिची एक शिस्त होती. उजव्या बाजूला, जिथे कृष्णात बसायचा, तिथे सगळं कोरडं ठणठणीत. डाव्या बाजूला, जिथे अंबू सयाजीला मांडीवर घेऊन बसायची, तिथे काचेच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब. एक पडला की चार श्वासांनी दुसरा, नेम धरून.

सयाजी नऊ महिन्यांचा होता. नाव अजून त्याच्या अंगाला सैल होत होतं. पंधरा दिवसांपूर्वी साताऱ्याहून येताना अंबूने त्याच्या डोक्यावर सारा रस्ता परात धरली होती. परातीवर थेंब वाजत राहिले, सयाजी हसत राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं, येत्या सोमवारी पुन्हा आणायला सांगितलं आणि वर म्हणाले, "मुलाला भिजवू नका." जणू अंबू त्याला मुद्दाम बादलीत बुडवून आणत होती!

सासरे, नानासो, डॉक्टरांच्या विरोधात नव्हते, मोटारीच्या विरोधात होते. त्यांनी ओसरीवरून निकाल दिला. "सोमवारी काच गळाली तर पोर घरातनं हलणार न्हाई. आज्जीचा हात हाय, वेखंड हाय. आमी काय डाक्टर बघून वाढलो व्हय?"

अंबू सांगलीच्या कॉलेजात इंटरपर्यंत सायन्स शिकली होती. वेखंडाविषयी तिला आदर होता. पण ती दर तासाला सयाजीच्या छातीला कान लावायची आणि ती शिट्टी वेखंडाला मुळीच घाबरत नव्हती. हे सासऱ्यांना सांगायची सोय नव्हती. या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. काही सांगायचं झालं तर सासूबाईंना, म्हणजे धोंडुबाईंना सांगायचं, मग त्या नानासोंना सांगत, आणि नानासो तिथेच दोन हातांवर बसून सगळं ऐकलेलं असूनही पुन्हा पहिल्यापासून ऐकत.

गुरुवारी कृष्णातने काच काढली. काचेभोवतीच्या रबरी पट्टीला हात लावताच तिचा शिळ्या भाकरीसारखा भुगा झाला. खालच्या चौकटीला गंजाने अशी जाळी पाडली होती की त्यातून शेवया पाडता आल्या असत्या. नवी पट्टी मागवायची तर मुंबई, म्हणजे महिना. कृष्णातने रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापला, गंज विटकरीने घासला, भोकांवर पत्रा ठोकून बसवला आणि वर डांबर फासलं. काम असं देखणं की अंबू सयाजीला कडेवर घेऊन अर्धा तास नुसती बघत उभी राहिली. पण काच आणि चौकट यांच्यामधल्या फटीचं काय करायचं?

इथे नानासो ओसरीवरून उतरले. मोटारीच्या पंधरा हातांत ते कधी येत नसत. पण फट म्हटल्यावर त्यांना राहवेना. त्यांच्या वडलांनी मळ्यात हौद बांधला होता. कळीचा चुना, त्यात गूळ, बेलफळाचा गर आणि उडदाचं पाणी. चाळीस वर्षांत त्या हौदातून पाण्याचा टिपूस गळाला नव्हता.

"रबार कशाला पायजे?" ते म्हणाले. "चुना मळा."

बाप आपण होऊन मोटारीला हात लावतो आहे, हे बघून कृष्णात विरघळला. धोंडुबाईंनी उडीद भिजवले, अंबूने बेलफळं फोडली, आणि संध्याकाळपर्यंत नानासोंनी धोतर खोचून काचेभोवती चुन्याची अशी कड काढली की देवळाच्या खांबाला शोभावी. चार कोपऱ्यांत चार फुलंही काढली. अंबूने सासूबाईंना हळूच विचारलं, मोटार रस्त्यावर हादरते, हौद एका जागी असतो, मग हा चुना तडकणार नाही का? धोंडुबाईंनी ते नानासोंना सांगितलं. नानासो म्हणाले की चुन्याला हादरे सोसायची सवय लागेल.

सवय लागायची वेळच आली नाही. शुक्रवारी सकाळी अंबूला चाकावरून वर चढणारी मुंग्यांची रांग दिसली. लग्नाच्या वऱ्हाडासारखी, पुढे मानकरी, मागे सामान. तिने कृष्णातला दाखवली. तो म्हणाला, मुंग्या आल्या म्हणजे गूळ चांगला उतरलाय. मोटार गोठ्याला लागून उभी होती. दुपारी काहीतरी खरवडल्याचा आवाज आला म्हणून अंबू बाहेर धावली, तर थोरला बैल दावं तोडून काचेपाशी उभा होता आणि नानासोंची फुलं जिभेने एक एक करून उचलत होता. बैलाने गाडी ओढलेली तिने रोज पाहिली होती. बैल गाडी खातोय, हे पहिल्यांदाच पाहत होती.

तेवढ्यात शेजारचा ज्ञानू कुंपणावरून डोकावला. त्याने चाटणारा बैल पाहिला, चुन्याची कड पाहिली, गुळाची ढेप पाहिली, आणि एक शब्द न बोलता गावात गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की कृष्णातची मोटार गुळावर चालते. त्यात भर म्हणजे बेंदूर होऊन आठवडाच झाला होता. बेंदराला घराघरांत बैलांना ओवाळून पुरणपोळी घातली होती आणि मोटारीला कुणी विचारलं नव्हतं. वरच्या आळीच्या साळूबाईंना ते लागलं. कष्ट सगळे मोटारीने करायचे आणि मान बैलांनी घ्यायचा, हा कुठला न्याय? त्या ताट घेऊन आल्या, मोटारीच्या नाकाडावर कुंकू लावलं आणि समोर पुरणपोळी ठेवली. ती बैलाने खाल्ली. काच सुटून खालच्या पोत्यावर पडली, फुटली नाही, एवढीच काय ती देवाची दया.

नानासो रात्री जेवताना चुन्याबद्दल काही बोलले नाहीत. बैलाबद्दलही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "सोमवार तीन दिसांवर आला."

शनिवारी सकाळी कृष्णात चालत पाटणला गेला आणि चांदसाहेबांना घेऊन आला. चांदसाहेब पखाली. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या पखाली शिवायचं काम होतं. पखाल म्हणजे बैलाच्या पाठीवर टाकून पाणी वाहायची कातड्याची मोठी पिशवी. पाटणच्या बाजारात लोक म्हणत की चांदसाहेबांच्या पखालीतून फक्त चांदसाहेबच पाणी काढू शकतात. माणूस बारीक, पांढरी दाढी, डोक्यावर स्वच्छ टोपी. मोटारीभोवती त्यांनी एक फेरी मारली, उरलेल्या चुन्याचा खडा नखाने काढला, वास घेतला आणि नानासोंना म्हणाले की चुना राजाच्या तोलाचा आहे, फक्त वाहन चुकलं. नानासोंना हे इतकं आवडलं की त्यांनी लगेच चहा सांगितला.

मग अंबूने जे पाहिलं, ते ती जन्मभर विसरणार नव्हती. त्यांनी म्हशीच्या कातड्याची पट्टी कापली, करंजाच्या तेलात आणि मेणात मुरवली, मधोमध दुमडली आणि त्या दुमडीत काचेची कड बसवली. एक दोरा, दोन्ही टोकांना दोन सुया, एकाच भोकातून एक इकडून, एक तिकडून. टाका ओढला की कातडं ओठ मिटल्यासारखं मिटायचं. त्यांचं काचेकडे लक्षही नव्हतं. ते नानासोंशी पावसापाण्याच्या गप्पा मारत होते. बोटं आपापली शिवत होती. अंबूने कॉलेजात बेडकाचं पोट शिवणारे प्रोफेसर पाहिले होते. चांदसाहेबांनी तो बेडूक शिवला असता, तर पुन्हा उडी मारून गेला असता.

रविवारी काच चौकटीत बसली आणि परीक्षा ठरली. त्या दिवशी नेमकं आभाळ उघडलं. चार महिने नको नको म्हटलं तरी कोसळणारं पाणी आज हवं होतं, तर विहिरीवरून आणावं लागलं. नानासो शिडीवर चढले. कृष्णात आणि चांदसाहेब आत बसले. निम्मं गाव जमलं, कारण ज्ञानूने सांगितलं होतं की मोटारीला आंघोळ आहे.

नानासोंनी टपावर घागर रिकामी केली. दुसरी केली. काचेच्या कडेने पाणी सळसळत खाली गेलं, आत एक टिपूस नाही. कृष्णातने आतून हात हलवला. तिसरी घागर ओतली, आणि डाव्या बाजूला, वरच्या कोपऱ्यातून, चार श्वासांच्या नेमाने, टप्. चांदसाहेबांच्या टोपीवर.

चांदसाहेबांनी टोपी काढली, त्यावरचा ओला ठिपका पाहिला आणि मग आपली शिवण पाहिली. चाळीस वर्षांत त्यांच्यावर हा प्रसंग आला नव्हता. ते खाली उतरून चाकाशी बसले. त्यांचा चेहरा बघून अंबूला स्वतःच्या सोमवाराआधी त्यांचंच वाईट वाटलं.

"झालं," नानासो शिडीवरून म्हणाले. "सयाजी घरात."

कृष्णात पटाशी घेऊन पट्टी उचकटायला निघाला. तेव्हा अंबूने सयाजीला धोंडुबाईंच्या कडेवर दिलं आणि नवऱ्याच्या हातातली पटाशी काढून घेतली. सयाजी रडायला लागला की ती एका वेळी एकच गोष्ट बघायची. आधी दुपटं, मग पोट, मग कान. सगळे उपाय एकदम केले तर पोर गप्प होतं, पण कशाने झालं ते कळत नाही. घागरीने पाणी ओतून काय कळणार? तांब्याने ओतायला हवं, थोडं थोडं, एका वेळी एकाच जागी. ती डाव्या बाजूला जाऊन बसली, उताणा तळहात काचेच्या कोपऱ्याखाली धरला आणि म्हणाली, "आत्याबाई, मामंजींना सांगा, आधी काचेच्या खालच्या कडेला अर्धा तांब्या ओता."

धोंडुबाई शिडीखालून म्हणाल्या, "खाली वता म्हंती."

नानासोंनी खाली ओतलं. खाली कृष्णात उभा होता.

"तसं नाही, आत्याबाई. काचेच्या खालच्या कडेला."

"काचंवर वता."

नानासोंनी सगळा तांब्या काचेवर भिरकावला. असं चार वेळा झालं. गाव शिडीभोवती सरकत आलं, ज्याला त्याला सुनेचा निरोप सासऱ्याला सांगायचा होता. ज्ञानूने तर तिने न दिलेले दोन निरोपही सांगितले. दुपार कलत चालली.

"मामंजी," अंबू काचेतून थेट त्यांच्याकडे बघून म्हणाली, "डावीकडची कड झाली. आता तांब्या टपावर न्या. सावकाश. मी थांबा म्हटलं की थांबायचं."

धोंडुबाईंनी पदर तोंडाला लावला. नानासोंनी सुनेकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं आणि लष्करात भरती झाल्यासारखा तांब्या सावकाश टपावर नेला. काचेच्या वर टपाच्या कपाळावर एक पत्र्याची पाटी होती, 'जोतिबा प्रसन्न'. तिच्या उजव्या अंगाला पाणी ओतलं. काही नाही. पाटीवर ओतलं. काही नाही. पाटीच्या डाव्या अंगाला ओतलं, आणि अंबूच्या तळहातावर गार थेंब पडला.

"थांबा!"

कृष्णात वर चढला. पाटीच्या डाव्या बाजूला, रंगाखाली, बोट जाईल न जाईल अशी दोन भोकं निघाली. त्यांत कधीकाळी साबण दाबून भरलेला होता. साबण पावसात वाहून गेला होता. पाणी तिथून आत शिरून, टपाच्या आतल्या पुठ्ठ्यावरून घरंगळत काचेच्या कोपऱ्याशी येत होतं. काच गुन्ह्याच्या जागी सापडली होती, एवढाच तिचा गुन्हा.

चांदसाहेब उठले, टोपी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली. "आमची शिवण न्हवती गळत," ते म्हणाले. दोन दिवसांत एवढं एकच वाक्य ते स्वतःविषयी बोलले.

"ह्यी भोकं कुनी पाडली?" नानासोंनी विचारलं.

अंबूला आठवलं. पाटीवरची अक्षरं तिनेच कॉलेजच्या वळणाने काढून दिली होती. कृष्णातने पाटी लावली, तेव्हा ती सयाजीला कडेवर घेऊन अंगणात उभी होती, मान तिरकी करून. अक्षरं मधोमध येत नव्हती. "चार बोटं तुमच्या बसायच्या बाजूला घ्या," ती म्हणाली होती, आणि त्याने निमूट पाटी काढून चार बोटं उजवीकडे लावली होती. पहिली भोकं बुजवायला न्हाणीतला साबणही तिनेच आणून दिला होता. आपल्या लेकराच्या डोक्यावर आपणच धार धरली होती आणि वर परात!

तिने तोंड उघडलं. पण कृष्णात टपावरून आधी बोलला.

"म्याच पाडली, आबा. पाटी आदी हितं लावली हुती. मग मला वाटलं, जरा उजव्या अंगाला बरी दिसंल."

नानासोंनी त्याला सगळ्या गावासमोर झाडलं. लढाईत सरकारने तुझ्या हातात गाड्या दिल्याच कशा, इथपासून सुरुवात झाली. कृष्णात मान खाली घालून ऐकत होता. मध्येच त्याने अंबूकडे बघून एक डोळा किंचित मिटला. ब्रह्मदेशातल्या पुलांच्या गोष्टी तिने निम्म्याच खऱ्या धरल्या होत्या. त्या क्षणी तिने सगळ्या खऱ्या धरल्या.

चांदसाहेबांनी कातड्याच्या दोन चकत्या कापल्या, मेणात बुडवल्या, आणि नटबोल्टाने आवळल्या. चहा निवायच्या आत काम झालं. मग नानासो स्वतः सयाजीला मांडीवर घेऊन डाव्या बाजूला बसले आणि पाणी ओतायचा हुकूम सोडला. दहा घागरी ओतल्या. आतून ते दर घागरीला "आनि वता" म्हणत होते. सयाजी काचेवरून वाहणाऱ्या पाण्याला टाळ्या पिटत होता. शेवटी विहिरीवरून येणाऱ्या बायकाच थकल्या.

सोमवारी उजाडल्यापासून पाऊस कोसळत होता. अंबू सयाजीला गुंडाळून मोटारीशी आली, तर डाव्या बाजूला नानासो आधीच बसलेले. आपल्या देखरेखीखाली दुरुस्त झालेली मोटार साताऱ्यापर्यंत कशी टिकते, हे त्यांना जातीने बघायचं होतं. मधल्या जागेवर धोंडुबाई. त्या जन्मात मोटारीत बसल्या नव्हत्या. नवं लुगडं नेसून, डोळे घट्ट मिटून, हात पुढे करून म्हणाल्या, "दे पोराला. मी धरते." पाटणपर्यंत जायचं म्हणून चांदसाहेब पायरीवर उभे होते, डोक्यावर पोतं घेऊन, नाक आपल्या शिवणीपासून वितीवर.

कृष्णात उतरायला लागला. काहीतरी जुळवू या म्हणत होता. अंबूने सयाजीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, घोंगडं घेतलं आणि मागच्या हौद्यात चढली. भोकांची थोडी परतफेड व्हायलाच हवी होती.

"चला तुम्ही," ती म्हणाली. "मला वारा आवडतो."

सारा रस्ता ती केबिनच्या मागच्या एवढ्याशा खिडकीला नाक लावून बसली होती. घोंगड्याने पहिल्या कोसातच हात टेकले. उंब्रजच्या पुढे हौद्यात इतकं पाणी साठलं की तिचे पाय त्यात तरंगत होते. पण आत सयाजीचं टोपडं कोरडं होतं. कोरडं, कोरडं, अजून कोरडं. तिने मोजायचं सोडून दिलं आणि नुसतं बघत राहिली. चांदसाहेब पाटणला उतरताना काचेच्या कडेवरून एकदा बोट फिरवून गेले होते, म्हातारी माणसं नातवाच्या गालावरून फिरवतात तसं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी सयाजीच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. अंबू दाराशी उभी होती. तिच्याखाली तळं साचत होतं. ती श्वास घ्यायची विसरली होती.

"छाती मोकळी आहे," डॉक्टर म्हणाले. "शिट्टी गेली. असाच कोरडा ठेवा."

तेव्हा अंबूने श्वास घेतला आणि जी शिंकली, ती शिंकतच राहिली. एक, दोन, पाच, सात. टेबलावरचे कागद उडाले. सयाजी खदखदून हसला. डॉक्टरांनी नळी कानातून काढली, दाराशी उभ्या, ओळखू न येण्याइतक्या चिंब बाईकडे पाहिलं आणि विचारलं, या कोण?

"पोराची आई," नानासो म्हणाले. "लय शिकल्याली हाय. पर पावसात कुटं बसावं, त्येवडं कळत न्हाई."

डॉक्टरांनी सयाजीचा कागद बाजूला सारला आणि नवीन कागदावर अंबूचं नाव लिहायला घेतलं. अंबूपाशी सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण तेवढ्यात आठवी शिंक आली.